पोर्सिलेन टाइलची पाठ आधी पुसून घ्यावी

पोर्सिलेन टाइल स्वतःच्या वजनाच्या ०.५ टक्क्यांहून अधिक पाणी सहसा शोषत नाही. हा तिचा गुण असला, तरी बसवताना नेमका तोच आडवा येतो. रेती-सिमेंटच्या मालावर स्लरी (पाण्यात कालवलेले पातळ सिमेंट) ओतून लादी ठोकण्याची पद्धत कोटा किंवा शहाबादीला चालून जाते, पण पोर्सिलेनची घट्ट पाठ ती स्लरी धरून ठेवत नाही आणि काही काळाने फरशी पोकळ वाजू लागते. म्हणून पाठीवरची भट्टीतली पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसावी (कारागीर हे हमखास टाळतात), पॉलिमरयुक्त अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने पसरावे आणि टाइल २ बाय ४ फुटी असल्यास तिच्या पाठीलाही पातळ थर द्यावा. दोन टाइलांमध्ये किमान २ मिलिमीटरचा सांधा सोडावाच. बिनसांध्याच्या फरशीचा हट्ट निव्वळ दिखाऊ होय. खरेदी करताना सर्व खोक्यांवरचा बॅच व शेड क्रमांक एकच असल्याची खात्री करावी. वाशी-नेरुळच्या जुन्या घरांत जुन्या लादीवरच नवी बसवायची असेल, तर स्लॅबवरील वाढीव वजनाबाबत अभियंत्याचा सल्ला घ्यावा आणि दरवाजे खालून किती तासावे लागतील, हेही आधीच मोजून ठेवावे.