साठीनंतर पुन्हा नोकरी: बायोडेटापासून पहिल्या पगारापर्यंत

साठीच्या उमेदवाराला मुलाखतीला बोलावणाऱ्याच्या मनात चार शंका असतात आणि त्या तो सहसा तोंडाने विचारत नाही. हे गृहस्थ पस्तिशीच्या मॅनेजरचं ऐकतील का? कॉम्प्युटरवर स्वतः काम करतील, की दर दहा मिनिटांनी शेजारच्या मुलाला हाक मारतील? तब्येत साथ देईल का? आणि मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने परदेशी निघून गेले तर? ‘तीस वर्षांचा दांडगा अनुभव आहे’ या वाक्याने यांतली एकही शंका फिटत नाही. म्हणून सगळी तयारी या चार प्रश्नांभोवतीच करावी.

कुठे शोधायचं

मोठ्या कंपन्यांच्या नोकरभरतीत वयाची चाळणी आधीच लागते. तिथे अर्जांचा पाऊस पाडून फारसं काही पदरात पडत नाही. ज्येष्ठांना खरी मागणी असते ती लहान ठिकाणी: सीएची ऑफिसं, पतसंस्था, एमआयडीसीतले छोटे कारखाने, हॉस्पिटलचा बिलिंग विभाग, खासगी शाळांची कार्यालयं, हाउसिंग सोसायट्या. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्यांना बँका समवर्ती लेखापरीक्षणासाठी (व्यवहार होत असतानाच चालणाऱ्या हिशेबतपासणीसाठी) कंत्राटावर घेतात. त्या जाहिराती बँकांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येतात.

ही कामं बहुधा ओळखीतून मिळतात. ‘काही काम असेल तर सांगा’ असा निरोप कुणाच्या लक्षात राहत नाही. ‘टॅलीवर हिशेब, जीएसटी रिटर्न, आठवड्याचे पाच दिवस, ११ ते ५, कोथरूड-कर्वेनगर भागात’ असा निरोप द्या. तो पुढे जातो. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवा. साठीपुढच्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये ‘सेक्रेड’ हे पोर्टल सुरू केलं, तिथेही नोंदवा, पण त्यावर विसंबून राहू नका.

नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचं किट अशा नावाखाली नोकरी देणारा पैसे मागत असेल तर ती नोकरी नाही, फसवणूक आहे. टेलिग्रामवर हॉटेलांना रेटिंग द्या, पैसे कमवा, हाही त्यातलाच प्रकार. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

बायोडेटा

दोन पानं, त्याहून एक ओळही जास्त नको. जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटचं ‘वरील सर्व माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्र काढून टाका. शेवटच्या दहा-पंधरा वर्षांचं काम तपशिलात लिहा, त्याआधीचं चार ओळींत गुंडाळा. हुद्द्यांची यादी कुणी वाचत नाही, कामाचे आकडे वाचतात: किती माणसांचा पगार काढत होतात, किती खरेदीदारांची उधारी सांभाळत होतात, स्टॉक मोजणीतला फरक कितीवरून कितीवर आणलात.

मधे खंड असेल तर एका ओळीत कारण लिहा: ‘२०२१-२०२४: आईचं आजारपण, आता पूर्णवेळ उपलब्ध’. मोकळी जागा ठेवली की वाचणारा ती मनाने भरतो. घर सांभाळून पंधरा वर्षांनी परतणाऱ्या स्त्रियांनी भिशीचा, महिला मंडळाचा किंवा घरच्या दुकानाचा हिशेब खरोखर सांभाळला असेल तर तो लिहावाच, मात्र आकड्यांसह. त्यांची एक खास अडचण म्हणजे नाव. पदवी माहेरच्या नावाने, आधार आणि पॅन सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला बहुतेक ठिकाणी चालतो. तो नसेल तर राजपत्रात नावबदल करून घ्यावा लागतो, आणि हे काम मुलाखतीआधी सुरू करावं. नाव जुळलं नाही की पीएफचं खातं अडतं.

ईमेल स्वतःचा हवा. मुलाच्या पत्त्यावर आलेलं मुलाखतीचं पत्र मुलगा चार दिवसांनी पाहतो.

कॉम्प्युटरची शंका

‘एक्सेल येतं’ असं लिहू नका, पुराव्यानिशी दाखवा. लहान ऑफिसात हमखास घेतली जाणारी परीक्षा म्हणजे दोनेकशे ओळींची फाइल देऊन ‘ग्राहकवार एकूण काढा’ असं सांगणं. त्यासाठी फिल्टर, सम-इफ, व्ही-लुकअप आणि पिव्होट टेबल एवढं पक्कं हवं. रोज तासभर सराव केला तर तीन-चार आठवड्यांत हात बसतो. मराठी टायपिंग येणाऱ्यांनी एक पाहून घ्यावं: श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र समोरच्याच्या मोबाईलवर अक्षरांचा कचरा म्हणून उघडतं. कुठेही नीट दिसणाऱ्या युनिकोडवर या. त्याचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला वेळ नसेल तर गूगलच्या कीबोर्डवर काम भागतं.

मुलाखत व्हिडिओवर असेल तर आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी चाचणी घ्या. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो, म्हणून उजेड समोरून हवा. लॅपटॉप चार-पाच पुस्तकांवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणा. स्क्रीनवरचं नाव तपासा. नातवाच्या शाळेच्या खात्यावरून आत गेलात तर समोरच्याला ‘आरव, सहावी ब’ असं दिसतं.

एक नमुना: सोसायटी मॅनेजरची मुलाखत

मुंबई, ठाणे, पुण्यात निवृत्तांना सहज मिळणारं हे काम आहे आणि त्याची मुलाखत इतर कुठल्याही मुलाखतीसारखी नसते. रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि एखादे सदस्य बसतात. त्यांना तुमच्या जुन्या हुद्द्याचं कौतुक नसतं. आधीचा मॅनेजर कागद अर्धवट टाकून गेलेला असतो आणि ते निस्तरणारा माणूस त्यांना हवा असतो.

जाण्याआधी उपविधींची (सोसायटीच्या कारभाराच्या नियमांची) छापील प्रत विकत घेऊन वाचा. निदान हे तोंडपाठ हवं: वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या बांधकामासाठीची गंगाजळी) बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरसाल, दुरुस्ती निधी पाऊण टक्का, फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातली सदस्य नोंदवही, नामनिर्देशनाची नोंद, भागपत्र हस्तांतरण यांतला फरक सांगता यायला हवा. अग्निसुरक्षेचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यायचा असतो, हे बऱ्याच कमिट्यांनाही ठाऊक नसतं. तुम्ही विचारलंत की ‘मागचा फॉर्म बी कधी झाला?’, तर तिथेच पारडं झुकतं.

थकबाकीचा प्रश्न येतोच. ‘समजावून सांगेन’ हे उत्तर पडेल. क्रम सांगा: बिलासोबत व्याजाची नोंद, मग लेखी स्मरणपत्र, कमिटीच्या ठरावाने नोटीस, आणि शेवटी उपनिबंधकांकडून वसुली दाखला. प्रत्येक टप्प्याची पोच जपायची, कारण दाखल्याचं प्रकरण अडतं ते पोच नसल्यानेच.

उत्तरं आणि वागणं

समोरची व्यक्ती तुमच्या मुलाच्या वयाची असली तरी ‘अहो-जाहो’च. ‘बाळा’, ‘तू’, ‘आमच्या वेळी’ हे तीन शब्दप्रयोग घरी ठेवून जा. ते तुम्हाला ‘काका’ म्हणाले तर हसून सोडून द्या.

‘तुमच्याहून लहान माणसाच्या हाताखाली जमेल का?’ याला ‘हो, अगदी!’ एवढंच म्हटलं तर शंका जागेवरच राहते. कसं जमेल ते सांगा: ‘सकाळी कामाची यादी तुमच्याकडून घेईन, संध्याकाळी झालं-न-झालं मेसेज करीन. मत वेगळं असेल तर एकदा सांगेन, निर्णय तुमचा.’ तब्येतीबद्दल न विचारताच एक वाक्य पुरे: रोज कसे येणार, किती वेळ काम झेपतं. शुगर-बीपीची फाइल उघडू नका. दोन महिन्यांचा परदेश दौरा आधीच ठरला असेल तर मात्र तारखांसह सांगून टाका. नंतर कळलं की विश्वास जातो.

जुन्या ऑफिसची गोष्ट सांगायची तर दीड मिनिटात, आणि ती विचारलेल्या कामाशी जोडलेली असावी. उत्तरं लांबणं हा ज्येष्ठ उमेदवारांचा सर्वांत मोठा दोष. घरी मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, ऐकताना तुम्हीच कंटाळाल ती वाक्यं कापा.

पगार आणि करार

निवृत्तीवेळचा पगार सांगू नका. कामाचे तास, प्रवास आणि त्या भागातला चालू दर पाहून ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा एक पट्टा सांगा. पैशांपेक्षा वेळ वाकवून घेणं सोपं जातं: गर्दी टाळून ११ ची हजेरी किंवा शनिवारची सुट्टी मागा.

पगारी नोकर की सल्लागार, हे लेखी ठरवून घ्या. सल्लागार म्हणून घेतलं तर पीएफ आणि पगारी रजा नाही, आणि वार्षिक मर्यादेपुढच्या फीवर साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. शिवाय ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ करातून मिळणारी सूट व्यावसायिक उत्पन्न आलं की संपते. मग १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च हे हप्ते चुकले की व्याज लागतं.

पगारी नोकरीत घोटाळा वेगळा होतो. समजा निवृत्तिवेतन ८ लाख आणि नवा पगार ७ लाख. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत दोन्ही रकमा स्वतंत्रपणे १२ लाखांच्या आत, म्हणून बँकही कर कापत नाही आणि कंपनीही नाही. दोन्ही मिळून १५ लाख, प्रमाणित वजावट ७५,००० एकदाच, आणि रिटर्न भरताना ९७,५०० रुपये एकरकमी भरायची वेळ येते. रुजू होतानाच निवृत्तिवेतनाचा आकडा कंपनीला लेखी द्या, कर दरमहा कापला जाईल.

केंद्र सरकारच्या गट-अ मधून निवृत्त झालेल्यांना पहिल्या वर्षात खासगी नोकरीसाठी परवानगी लागते. इतरांनी आपल्या खात्याचा नियम आधी पाहावा. स्वतःचा मेडिक्लेम नोकरी लागली म्हणून बंद करू नका, कारण कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबरच संपते.

पहिली पगारपावती

पीएफचा फॉर्म ११ (आधीच्या पीएफ-पेन्शनची माहिती देणारा) भरताना खरं तेच लिहा. ५८ वर्षांनंतर पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं (ईपीएस) सदस्यत्व संपतं, म्हणून मालकाचा सगळा हिस्सा पीएफ खात्यात जायला हवा. ऑफिसातला क्लार्क सवयीने ८.३३ टक्के पेन्शनमध्ये टाकतो आणि पैसे काढायच्या वेळी दावा परत येतो. आधीच्या नोकरीचं ईपीएस पेन्शन नव्या नोकरीमुळे थांबत नाही. पंचावन्ननंतर निवृत्त होऊन पीएफची पूर्ण रक्कम काढली असेल तर तुम्ही ‘वगळलेले कर्मचारी’ ठरता, पीएफ कापणं सक्तीचं राहत नाही. तसं लेखी कळवा. वयाची ६५ वर्षं पूर्ण झाली असतील तर महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ आहे. तरी दरमहा २०० रुपये कापलेले दिसले तर आधारची प्रत जोडून पगार विभागाला अर्ज द्या, आणि फेब्रुवारीत ३०० कापले नाहीत ना तेही पाहा.