फुलं दुसऱ्या दिवशीच मान टाकतात? या चुका टाळा

मिरजेच्या फूल बाजारातून टवटवीत जुडी आणायची, पिशवीसकट ओट्यावर टाकायची आणि दुपारी सवडीनं फुलदाणीत खोचायची. संध्याकाळी फुलं मलूल झाली की म्हणायचं, "फुलवाल्यानं शिळी दिली." सांगलीत घरोघरी हेच ऐकते आणि दर वेळी फुलवाल्याची बाजू घेते. फूल बहुतेक वेळा आपल्याच घरात बिघडतं, तेही देठापासून.

कापलेल्या देठाचं टोक वाळतं, आत हवा शिरते आणि पाणी वर चढायचं थांबतं. म्हणून मी बादली भरून ठेवते, मगच बाजाराला निघते. आल्या आल्या देठाचं टोक पाण्याखाली धरून धारदार सुरीनं इंचभर तिरकं कापायचं. स्वयंपाकघरातली बोथट कात्री नको, ती देठ चेचते. मग फुलं दोन तास न्हाणीघराच्या गार कोपऱ्यात ठेवायची. नवशिक्यांना हेच दोन तास जड जातात. फोटोची घाई असते ना!

जरबेऱ्याचे हाल तर बघवत नाहीत. लोक गळ्यापर्यंत पाणी भरतात. त्याचा देठ लवदार आणि खालून पोकळ असतो, जास्त पाण्यात तो लवकर कुजतो. दोन-तीन इंच पाणी पुरे. मान वाकलीच तर देठ पुन्हा कापून, फुलं वर्तमानपत्रात सरळ गुंडाळून पाण्यात उभी करावी, बरीचशी सावरतात. देठाला तार गुंडाळायचा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही. फूल ताठ दिसतं, तहानलेलं ते तहानलेलंच.

विश्रामबागेतल्या आमच्या ओळखीच्या एका वहिनींकडे ऐन मे महिन्यात मुलीचा साखरपुडा होता. त्यांनी आदल्या रात्री कार्नेशनच्या फुलदाण्या सजवल्या आणि गारवा म्हणून आतल्या खोलीत ठेवल्या. सकाळी पाकळ्या आत मिटलेल्या! पाणी स्वच्छ, देठ कडक. वहिनी फुलवाल्याला फोन लावून भांडायच्या बेतात होत्या. मी खोलीचं दार उघडलं तर आंब्याचा घमघमाट. पलंगाखाली गवतात हापूस पिकत घातला होता! पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही. अशी मिटलेली फुलं पुन्हा उमलत नाहीत. "वहिनी, फुलवाल्याला फोन करा, पण शेवंती मागवायला," म्हटलं. शेवंतीच्या फुलाला या वायूचा फारसा त्रास होत नाही, कार्यक्रम तिच्यावरच निभावला. तेव्हा फुलदाणी आंबे, केळी यांच्या शेजारी नकोच. फ्रिजमध्ये फळं असतील तर तिथंही नको.

पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. ती कुजतात, जंतू वाढतात आणि देठाचं तोंड बुजतं. फुलदाणी साबणानं घासा, नुसती विसळू नका. पाणी रोज बदला.

तांब्यानं जंतू मरतात म्हणून लोक पाण्यात नाणं टाकतात. नाणं टाकून फुलं टिकत नाहीत, रुपयाचं नाणं तर स्टेनलेस स्टीलचं असतं. नुसती साखर घातली तर फुलांआधी जंतूंचंच पोट भरतं.

पाकळ्यांवर पाणी शिंपडू नका, डाग पडतात. पंख्याखाली फुलदाणी ठेवू नका.

सजावटीचा हिरवा स्पंज पाण्यात दाबून बुडवला की आत कोरडा राहतो. तो पाण्यावर ठेवावा आणि आपणहून बुडू द्यावा. एकदा वाळला की पुन्हा नीट भिजत नाही. शिवाय ते प्लॅस्टिकच, कुजत नाही, म्हणून मी तो वापरतच नाही. फुलदाणीच्या तोंडावर सेलोटेपच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी करते, देठ हवे तिथं उभे राहतात.

निशिगंध खालून वर उमलतो. खालची सुकलेली फुलं रोज खुडा, वरच्या कळ्या उमलायला मदत होते. पाच दांड्यांत काम होत असेल तर पंधरा कोंबू नका. फुलदाणीच्या उंचीच्या साधारण दीडपट फुलं वर दिसली की पुरे.