नरक्याच्या फांदीतली बुरशी वाढवताय? या चुका टाळा

टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन ही कॅन्सरवरची औषधं कॅम्प्टोथेसिन या रसायनापासून बनतात. मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी १९६६ साली ते अमेरिकेत एका चिनी झाडापासून वेगळं केलं. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही तेच रसायन असतं, म्हणून त्याची बेसुमार तोड झाली. २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीही कॅम्प्टोथेसिन तयार करते असं मांडलं. तेव्हापासून एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय बरेच जण घेतात, आणि पहिल्याच पायरीवर अडकतात.

आतली बुरशी बाहेर यावी म्हणून फांदीचा तुकडा पोषक माध्यमाच्या प्लेटवर ठेवतात. त्यावर दोन दिवसांत हिरवी-काळी बुरशी माजली, तर ती बहुधा सालीवरच्या धुळीतली असते. म्हणून तुकडा आधी ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दोन-तीन मिनिटं धरा आणि निर्जंतुक पाण्याने धुवा. शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या प्लेटवर पसरायला विसरू नका. त्यावर काही उगवलं, तर ती अख्खी बॅच बाद. कोवळी पानं मात्र इतका वेळ ठेवलीत तर आतली बुरशीही मरते.

प्लेटा आठवड्यात फेकू नका. सावकाश वाढणाऱ्या बुरशा तीन-चार आठवडे घेतात. तुकड्यातून बुरशीच्या धाग्याचं टोक दिसलं की लगेच दुसऱ्या प्लेटवर न्या, नाहीतर शेजारची झपाट्याने वाढणारी बुरशी तिला गिळून टाकते.

खरी फसगत पुढे असते. एचपीएलसीवर (मिश्रणातली रसायनं वेगळी करणाऱ्या यंत्रावर) कॅम्प्टोथेसिनच्या वेळेला आलेखात शिखर दिसलं की पेढे वाटले जातात. पण त्याच वेळेला दुसरं एखादं रसायनही बाहेर पडू शकतं, त्यामुळे मास स्पेक्ट्रोमेट्रीशिवाय (रेणूच्या वस्तुमानावरून ओळख पटवल्याशिवाय) दावा करू नये. शिवाय ते कॅम्प्टोथेसिन झाडाच्या तुकड्यातूनच माध्यमात उतरलेलं असू शकतं. म्हणून तुकड्याशेजारच्या पहिल्या वाढीवर चाचणी करण्यात अर्थ नाही. तीन-चारदा नव्या माध्यमावर नेलेली बुरशी घ्या आणि सोबत बुरशी न घातलेलं माध्यमही तपासा. माझ्या मते तुलनेसाठीचा हा कंट्रोल नसलेला निकाल वाचूच नये.

उलट अडचणही येते: पहिल्यांदा मिळालेलं रसायन पुढच्या पिढ्यांत कमी होत जातं. चिनी झाडातल्या फ्युजेरियम सोलानी या बुरशीबाबत हेच झालं. तिच्याकडे ते बनवायला लागणारी काही जनुकं होती, पण एका टप्प्याचं एन्झाइम झाडाकडून यावं लागत होतं. माध्यमात साखर वाढवून हा प्रश्न सुटत नाही. पहिली शुद्ध वाढ मिळताच ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर साठवा आणि प्रत्येक प्रयोग त्याच साठ्यातून सुरू करा.

आणि नमुन्यासाठी अख्खं झाड तोडू नका. वनखात्याची परवानगी काढून बोटभर फांदी घेतली तरी पुरते.