लॉर्ड चान्सलरबद्दल लिहिताना या चुका टाळा

कायद्याच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं: ‘लॉर्ड चान्सलर म्हणजे इंग्लंडचे सरन्यायाधीश.’ खरं तर लॉर्ड चान्सलर हे ब्रिटिश सरकारमधलं एक मंत्रिपद आहे. यात मुलांचा दोष कमी, हातातल्या जुन्या पुस्तकाचा जास्त. एकेकाळी हीच व्यक्ती मंत्रिमंडळात बसायची, इंग्लंड आणि वेल्सच्या न्यायव्यवस्थेची प्रमुख असायची, आणि वूलसॅक नावाच्या लोकर भरलेल्या लाल आसनावरून हाउस ऑफ लॉर्ड्सचं, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचं कामकाजही चालवायची. याच सभागृहात होणाऱ्या शेवटच्या अपिलांच्या सुनावणीलाही तिला बसता यायचं.

म्हणून आधी पुस्तकाचं साल बघा. घटनात्मक सुधारणा कायदा 2005 सालचा. एप्रिल 2006 मध्ये न्यायव्यवस्थेचं प्रमुखपद लॉर्ड चीफ जस्टिसकडे, म्हणजे एका न्यायाधीशाकडे गेलं. त्याच वर्षी न्यायाधीश निवडायला स्वतंत्र आयोग आला आणि लॉर्ड्स सभागृहाने आपला सभापती स्वतः निवडला. शेवटची अपिलं लॉर्ड्सऐवजी ऐकणारं सुप्रीम कोर्ट सुरू झालं 2009 मध्ये. ‘सरन्यायाधीश’ हा शब्द वापरायचाच असेल, तर तो लॉर्ड चीफ जस्टिससाठी राखून ठेवा.

काही जण दुसरं टोक गाठतात आणि ‘हे पद रद्द झालं’ असं लिहून मोकळे होतात. जून 2003 मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या सरकारने तशी घोषणा केली होती, हे खरं. पण पद टिकलं. 2007 पासून न्यायमंत्री आणि लॉर्ड चान्सलर एकच असतात. लॉर्ड असण्याची अट नाही. 2007 मध्ये हे पद सांभाळणारे जॅक स्ट्रॉ हाउस ऑफ कॉमन्समधले, म्हणजे कनिष्ठ सभागृहातले होते. वकील असण्याचीही नाही. 2012 मध्ये आलेले ख्रिस ग्रेलिंग वकील नव्हते.

भाषांतरातही घोळ होतो. चान्सलर म्हटलं की आपल्याला विद्यापीठाचे कुलपती आठवतात. ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ तर सरळसरळ अर्थमंत्री. तेव्हा ‘लॉर्ड चान्सलर’ असंच लिहा.

मला सगळ्यात जास्त खटकते ती पुढची चूक: ‘आता हे पद नुसतं शोभेचं आहे.’ तसं मुळीच नाही. कायद्याच्या राज्याचा आदर करीन, न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याचं रक्षण करीन, न्यायालयांना लागणारी साधनं मिळतील हे पाहीन, अशी शपथ या मंत्र्याला घ्यावी लागते. ही शपथ किती महत्त्वाची आहे हे नोव्हेंबर 2016 मध्ये दिसलं. संसदेच्या मंजुरीशिवाय सरकारला ब्रेक्झिटची, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याची नोटीस देता येणार नाही, असा निकाल हायकोर्टाने दिला. दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्राने तिन्ही न्यायाधीशांचे फोटो पहिल्या पानावर छापून त्यांना ‘जनतेचे शत्रू’ ठरवलं. लॉर्ड चान्सलर लिझ ट्रस यांनी न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याबद्दल छोटंसं निवेदन काढलं, पण त्या वृत्तपत्राचा निषेध केला नाही. पुढे मार्च 2017 मध्ये लॉर्ड चीफ जस्टिस थॉमस यांनी लॉर्ड्सच्या समितीसमोर सांगितलं, की ट्रस यांची ही भूमिका घटनात्मकदृष्ट्या साफ चुकीची होती.