‘बघून सांगते’ म्हणून गिऱ्हाईक उठतंय? पटवताना या चुका टाळा

पटवण्याचं काम फक्त बेळगावच्या गणपत गल्लीत गल्ल्यावर बसणाऱ्यालाच करावं लागतं असं नाही. मंडळाची वर्गणी मागणारी पोरं, बचत गटाच्या पापड-चटणीचा स्टॉल लावणाऱ्या बायका, ठिबक करूया म्हणून वडिलांच्या मागं लागलेला मुलगा, सगळे तेच करत असतात. आणि बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं: समोरच्याला काय हवंय हे विचारायच्या आधीच तोंड सुरू होतं.

उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायचे दिवस आले की मिरचीच्या ढिगापुढं हे रोज दिसतं.

“मावशी, ब्याडगी घ्या, रंग बघा रंग!”
“तिखट हाय काय?”
“होय की, लई तिखट.”

संपलं. ब्याडगीचं नाव आहे ते गडद लाल रंगासाठी, तिखटपणा तिच्यात बेताचाच. मावशी घरी जाऊन चटणी कुटणार, आमटीत घालणार आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या ढिगापुढं उभी राहणार. त्याऐवजी “चटणी कशी लागते तुमच्यात? घरात बारकी पोरं हाईत काय?” एवढं विचारलं असतं, तर “रंगाला ब्याडगी घ्या, तिखटाला संकेश्वरी, दोन्ही मिसळा” असं सांगता आलं असतं. दोन्ही मिरच्या विकल्या गेल्या असत्या आणि एक शब्द खोटा बोलावा लागला नसता. मिठाईचंही तसंच. गिऱ्हाईक लांबच्या प्रवासाला निघालंय हे न विचारता दुधाचा कुंदा गळ्यात मारायचा आणि डिंक, गूळ, सुक्या मेव्याचं गोकाकचं करदंट कपाटातच ठेवायचं, याला काय म्हणावं?

‘महाग आहे’ ऐकताच दर उतरवणं

दुसरी मोठी चूक ही. बाराशे म्हणालात आणि चेहरा बघून लगेच हजारावर आलात, की समोरच्याच्या मनात पहिला विचार येतो: म्हणजे मघाशी दोनशे रुपयांना फसवतच होता की! आधी विचारा, “कशाच्या मानानं महाग वाटतंय?” इरकल साडीवर हे हमखास घडतं. बाईनं बाजूच्या दुकानात तसल्याच रंगाची, कमी दराची साडी बघितलेली असते. तिला भाषण देऊ नका. साडी उलटी करून पदर जिथं अंगाला जोडलाय ती जागा तिच्या हातात द्या. अस्सल इरकलमध्ये पदराचे उभे धागे अंगाच्या धाग्यांत फासे घालून अडकवलेले असतात. त्या जोडावरून बोट फिरवू द्या आणि तेवढा वेळ गप्प बसा. गप्प बसणं भल्याभल्यांना जमत नाही. तरीही तिला कमी दराचीच हवी असेल, तर ती तिची खुशी. कमी दराची दाखवा.

भाषेचा अंदाज पेहरावावरून बांधणं ही आपल्याकडची खास चूक. “बर्री अक्का” (या ताई) म्हणून कन्नडमध्ये बोलावलं आणि अक्का मराठीत बोलली तर मराठीवर या. उलट झालं तर कन्नडवर. बाजारात हे एवढं सोपं आहे. वाद घालायला बाहेर जागा पुष्कळ आहे.

‘शेवटचा पीस’ आणि ‘माल परत नाही’

शेवटचा पीस म्हणून विकलेली साडी दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात टांगलेली दिसते आणि गाव लहान आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी तर काढूनच टाका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर 30 दिवस धरले जातात. गिऱ्हाईकाला 1915 हा हेल्पलाइन नंबर आता ठाऊक असतो.

वर्गणीवाल्यांनो, “शेजारच्यांनी पाच हजार दिले” हे आधी बंद करा. माणूस देतो, पण चिडून देतो. गेल्या वर्षीचा जमाखर्च छापून हातात ठेवा, पावती फाडायची तयारी दाखवा आणि आकडा त्याला ठरवू द्या.

एवढं करूनही “बघून सांगते” आलंच, तर मागं लागू नका. एकच विचारा: “दर अडतोय, की घरी विचारायचंय?” दर अडत असेल तर कमी दरातलं दुसरं काढा. घरी विचारायचं असेल तर फोटो काढून द्या, खाली दर लिहा आणि तो किती दिवस राहील तेही लिहा. घरातल्या माणसापुढं तुमची बाजू तीच मांडणार आहे. तिच्या हातात काहीतरी असू दे.