पार्टनरला कॉमिक गिफ्ट द्यायचंय? मग हे बघून घ्या

आधी शेल्फचा गुपचूप एक फोटो काढून ठेवा, कारण सिरीजचा कुठला भाग घरात आहे नि कुठला नाही हे दुकानात उभं राहून काही केल्या आठवत नाही. पार्टनरने कधी कॉमिक वाचलंच नसेल तर सुपरहिरोच्या लांबलचक सिरीजमध्ये मधेच ढकलू नका, एका पुस्तकात संपणारी गोष्ट द्या. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, घेत असाल तर भाग 1 च घ्या, आणि ते उजवीकडून डावीकडे वाचतात, कव्हर उलटं दिसलं म्हणून डिफेक्टिव्ह समजून परत करायला जाऊ नका.

पण मला विचाराल तर जुनं इंद्रजाल कॉमिक्स! 1964 ला सुरू झालं, 1990 ला बंद पडलं, मराठीतही यायचं, त्यामुळे ज्यांचं बालपण त्यातला वेताळ (म्हणजे फँटम) वाचण्यात गेलंय त्यांना याहून भारी काय देणार. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर नाहीतर माटुंग्याला किंग्ज सर्कलला जुन्या पुस्तकवाल्यांकडे विचारत राहा, लगेच मिळेल असं नाही. मिळालं की तिथेच उघडून पानं मोजा, पिना गंजून मधलं जोडपान सुटलेलं असतं, शेवटचं पान तर बऱ्याचदा गायबच. आत कुणा पोराने पेनाने नाव लिहिलेलं असलं तर बिनधास्त घ्या, मला तर तेच जास्त आवडतं. फाटलंय म्हणून सेलोटेप मात्र अजिबात लावू नका, कागद पिवळा पडतो. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतच आणा, आणि तुमचे दोन शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, कॉमिकवर नको.