हिमनद्यांवरील लष्करी गस्तशर्यत : या चुका टाळा

स्वित्झर्लंडमधील झेरमॅट ते व्हेर्बिये या मार्गावर स्विस सैन्य दर दोन वर्षांनी 'पात्रुय दे ग्लासिए', म्हणजे 'हिमनद्यांची गस्त', ही शर्यत भरवते. तिघांच्या संघाला स्कीवरून सुमारे 57 किलोमीटर अंतर आणि 4,000 मीटरहून अधिक चढ पार करावा लागतो. मार्गातील सर्वांत उंच ठिकाण, तेत ब्लांश, सुमारे 3,650 मीटरवर आहे. 1943 साली, महायुद्ध चालू असताना, डोंगरी ब्रिगेडच्या जवानांचा कस पाहण्यासाठी ही शर्यत सुरू झाली आणि आज तीत नागरिकांचे संघही धावतात. येथे होणाऱ्या बहुतेक चुका दमछाकीमुळे होत नाहीत. गस्त म्हणजे काय हे नीट न समजल्यामुळे होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत वेगवान गड्यावर भरवसा ठेवणे

नॉर्वेच्या सैन्यातील स्कीपथकांच्या 1767 मधील स्पर्धांत बंदूक आणि पाठीवरचे ओझे घेऊन धावण्याचा प्रकार होता. पुढे 1924 च्या शामोनी हिवाळी ऑलिंपिकमध्ये चौघांच्या लष्करी गस्तीची 30 किलोमीटरची शर्यत झाली, तेव्हा सहा संघांपैकी इटली आणि पोलंड यांना ती पूर्ण करता आली नाही व स्वित्झर्लंड पहिले आले. 1928, 1936 आणि 1948 मध्ये हा प्रकार केवळ प्रदर्शनीय म्हणून खेळवला गेला. 1960 मध्ये स्क्वॉ व्हॅलीत ऑलिंपिकमध्ये आलेला बायथलॉन, म्हणजे स्की आणि नेमबाजी यांची जोड-शर्यत, याच परंपरेतला, पण तो एकट्याचा खेळ होता. तेथे स्वीडनच्या क्लास लेस्टांडरने वीसपैकी वीस निशाणे साधून सुवर्णपदक मिळवले, जरी स्कीच्या वेगात अनेक जण त्याच्या पुढे होते. बायथलॉनची तयारी मनात ठेवून गस्तीला उतरणारे येथेच चुकतात, कारण गस्तीची वेळ शेवटच्या सदस्याच्या पावलांवर ठरते. सर्वांत दमदार गडी पुढे निघून जातो, मागचा त्याला गाठण्यासाठी पहिल्याच चढावर शक्ती संपवतो आणि पुढच्या खिंडीत तिघेही थांबून राहतात. यावर उपाय असा की सर्वांत मंद सदस्याला पहिल्या तासातच पुढे ठेवून त्याच्या चालीने जावे, आणि त्याच्या पाठीवरचे काही ओझे तो थकण्यापूर्वीच दुसऱ्याने घ्यावे.

घामाकडे दुर्लक्ष करणे

सह्याद्रीत घाम आला की आपण पाण्याची काळजी करतो. हिमनदीवर तीच काळजी कपड्यांची करावी लागते. निघताना ऊब वाटेल इतके कपडे घातले, तर अर्ध्या तासाच्या चढात आतला थर ओला होतो, आणि माथ्यावर वारा लागताच तोच थर अंगातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो. म्हणून निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, आणि जाड जाकीट थांबण्याच्या क्षणी, अंग गार पडण्यापूर्वी, चढवले पाहिजे. सुती बनियन तर मुळीच नको, कारण सूत ओले झाले की लवकर वाळत नाही. एखादा आधीच भिजला असेल, तर वाऱ्याच्या आडोशाला दोन मिनिटे घालवून आतला थर बदलणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. ती दोन मिनिटे न दिल्यास पुढे तासभर जातो.

ओझे कमी करण्यासाठी साहित्य काढून ठेवणे

1949 च्या शर्यतीत एक संपूर्ण संघ हिमनदीच्या भेगेत पडला आणि तिघेही दगावले. त्यानंतर शर्यतीवर बंदी आली, ती 1984 पर्यंत उठली नाही. हिमनदीवर दोराने बांधून चालण्याची सक्ती आणि सुटण्यापूर्वीची साहित्यतपासणी ज्यांना जाच वाटतात, त्यांनी ही पस्तीस वर्षे आठवावीत. तपासणी झाल्यावर दोर घट्ट गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवणारे संघही असतात. असा दोर गरजेच्या वेळी हाती येत नाही. सरावाच्या दिवशी तपासणारा कोणी नसतो, म्हणून तेव्हा धोका वाढतो. मार्च 2024 मध्ये याच मार्गावर सरावाला निघालेले सहा जण तेत ब्लांशजवळ वादळात सापडले. पाच जणांचे मृतदेह मिळाले. सरावातही हिमस्खलन-शोधयंत्र, फावडे, शोधकाठी आणि रात्र काढता येईल इतके कपडे सोबत असलेच पाहिजेत, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत खिंड गाठली नाही तर परतायचे हे निघण्यापूर्वीच बोलून ठेवावे. माथ्याजवळ असा निर्णय घेणे फार अवघड जाते.

लहानसहान बिघाड

पाण्याची बाटली उलटी ठेवावी. बर्फ वरून धरू लागतो, त्यामुळे झाकण मोकळे राहते. चढासाठी स्कीखाली लावायच्या चिकटपट्ट्या उतारावर पिशवीत न टाकता जाकिटाच्या आत ठेवाव्यात, नाहीतर पुढच्या चढावर त्या चिकटत नाहीत. पाय गार पडले की जाड मोजा चढवण्याचा मोह होतो, परंतु बुटात जागा उरली नाही तर रक्ताभिसरण कमी होऊन पाय आणखी गारठतात. जेथे नेमबाजीही असते, तेथे गारठलेली रायफल उबदार तंबूत आणू नये. तिच्यावर बाष्प जमते आणि बाहेर नेताच ते गोठून यंत्रणा अडकते. तंबूत किंवा बर्फाच्या गुहेत स्टोव्ह पेटवताना हवा जाण्याची वाट खुली ठेवावी, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

थंडी बाधल्याची लक्षणे चुकीची वाचणे

थरथर थांबली म्हणजे साथीदार सावरला, असे समजणे प्राणघातक ठरू शकते. शरीराचे आतील तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊन आणखी घसरत गेले की थरथर आपोआप थांबते. तोपर्यंत बोलणे अडखळू लागलेले असते आणि हातमोज्याची चेनही लावता येत नाही. अशा वेळी शर्यत सोडावी, त्याला कोरडे कपडे घालून जमिनीपासून अलग ठेवावे आणि मदत मागवावी. मद्य देऊ नये. हिमदंश झालेल्या बोटांवर बर्फ चोळण्याची जुनी रीत त्वचेला इजा करते. त्यासाठी 37 ते 39 अंशांचे पाणी वापरावे. मात्र पाय पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर वाटेत ते वितळवू नयेत. गोठलेल्या पायांनी तळापर्यंत चालत येणे त्याहून कमी हानिकारक असते.